वन्संचा अंगठा

धाकटीला गुदगुल्या फार. तशा त्या सगळ्यांनाच होतात, पण हिला नुसतं बोट उगारून दाखवलं तरी ती वाकडी व्हायची. लहानपणी शिंप्याला तिचं माप कधी धड घेता आलं नाही, त्यामुळे तिचे सगळे कपडे अंदाजपंचे शिवलेले. लग्न होऊन सासरी आली, धाकटी सून म्हणून सगळ्यांची 'धाकटी' झाली. पुढे केसांत पांढरं दिसू लागलं तरी ना ते नाव सुटलं, ना गुदगुल्या.

अशा बाईने मालिशचा व्यवसाय काढायचा म्हटल्यावर जो तो हसला. धाकटीचं म्हणणं साधं होतं. गुदगुल्या मला होतात, माझ्या हातांना थोड्याच होतात?

आणि हात खरोखरच चांगले होते. मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या खात्यात ती वर्षानुवर्षं उभी होती. दुपारच्या सुट्टीत तिथल्या बायका एकमेकींचे खांदे दाबून द्यायच्या. धाकटीच्या हाताखाली बसलेली बाई उठायचं नाव घेत नसे. धाकटीची स्वतःची पाळी आली की मात्र दोघींनी धरायचं, तिसरीने दाबायचं, आणि तरी ही मासोळीसारखी निसटायची. लाँड्री बंद पडली तेव्हा त्याच मैत्रिणींनी तिला रीतसर शिकून घ्यायला लावलं.

शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात नियम असा की एकदा मालिश द्यायची आणि एकदा घ्यायची. देताना धाकटी पहिली. घेताना ती एकदा हसता हसता टेबलावरून चादरीसकट खाली आली आणि तेलाची बाटलीही सोबत घेऊन आली. बाईंनी तिला पास केलं, पण निघताना एक गोष्ट सुनावली.

"लोकांच्या पाठी तू सोडवशील गं. तुझी पाठ कोण सोडवणार?"

धाकटीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

जागा मिळाली ती एका गाद्यांच्या दुकानाच्या वर. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, रस्त्याकडे खिडकी. घरमालक म्हणजे तेच गादीवाले शेठ. पाटीवर 'मसाज' हा शब्द दिसता कामा नये, लोक भलतंसलतं समजतात, अशी त्यांची अट होती. धाकटीच्या नवऱ्याने डोकं चालवलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आपल्याला सगळंच दुरुस्त करता येतं असं त्याला वाटायचं. त्याने ठसठशीत अक्षरांत पाटी रंगवून आणली: 'पाठ, मान, खांदा.' पहिल्याच सकाळी एक गृहस्थ पिशवी घेऊन जिना चढून आले आणि खांदा कसा किलो म्हणून विचारू लागले. संध्याकाळपर्यंत पाटीखाली 'दुखत असल्यास' हे दोन शब्द वाढवावे लागले.

शेठ स्वतः एकदा पाहणीला आले. टेबलावरची गादी कुठून घेतली, आपल्याकडून का नाही, असं विचारत त्यांनी ती दाबून पाहिली, मग बसून पाहिली, मग आडवे होऊन पाहिली. जन्मभर गाद्या उचलून त्यांची कंबर लाकडासारखी झाली होती. धाकटीने विचारलं, हात लावू का? शेठ नको नको म्हणेपर्यंत अर्धी कंबर मोकळी झाली होती, आणि पुढचं त्यांना काही आठवत नाही, कारण ते घोरत होते. खाली गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. त्या दिवसापासून शेठ प्रत्येकाला सांगू लागले, गादी माझी घ्या, आणि तरीही पाठ दुखली तर वर जा.

असा जम बसला. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवर वाकून मान आखडलेल्या दंतवैद्य बाई यायला लागल्या. एक बसचा ड्रायव्हर यायचा, त्याची मान उजवीकडे वळायची आणि डावीकडे वळायला सांगितलं की अख्खा माणूस वळायचा. धाकटी बोलघेवडी. हात चालू आणि तोंडही चालू. लोक हलके होऊन जायचे.

सगळ्यांना कौतुक होतं, एक वन्सं सोडून.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, सारा जन्म टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर काढला, आणि आता निवृत्त होऊन पलीकडच्या गल्लीत एकट्या राहायच्या. पार्सलावरची दोरी त्या अंगठ्याने दाबून पाहायच्या आणि गाठ सैल लागली तर माणसाला रांगेतून परत पाठवायच्या. बोलायचं कमी, बघायचं जास्त. त्या दारात आल्या की बसलेली माणसं ताठ बसत आणि उभी असलेली उगाचच काहीतरी आवरायला लागत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर धाकटीची पाचावर धारण बसायची. दर रविवारी त्या चहाला यायच्या. परक्यांच्या पाठी चोळायच्या म्हणजे काय, एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि धाकटीला ते आठवडाभर पुरलं होतं.

पुढे थंडीच्या दिवसांत धाकटीचा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणकायचा, मग हात वर जाईना, मग वेणी घालता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, तुम्हाला मी काय सांगायचं, कुणाकडून तरी मालिश करून घ्या. धाकटी शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. बाईंनी हात लावला आणि ही हसून हसून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. नवऱ्याने घरी प्रयत्न केला तर तिची लाथ लागून त्याचा चष्मा कपाटाखाली गेला. हसायला येतंय म्हणून खांदा हलतोय, खांदा हलतोय म्हणून जीव जातोय, जीव जातोय तरी हसू थांबत नाही. येणाऱ्यांना उद्या या, परवा या असं सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले.

रविवारी वन्सं चहाला आल्या तेव्हा धाकटी सतरंजीवर पालथी पडून एकाच वेळी हसत आणि रडत होती, आणि त्यांचा भाऊ गुडघ्यावर बसून घाम पुसत होता. वन्संनी पर्स खुर्चीवर ठेवली.

"तू हो बाजूला," त्या भावाला म्हणाल्या आणि सतरंजीवर बसून त्यांनी धाकटीच्या खांद्यावर अंगठा टेकवला.

धाकटीचं हसू घशापर्यंत आलं, कोण आहे ते पाहिलं आणि मुकाट परत फिरलं. अंगाचं लाकूड करून ती पडून राहिली. अंगठा जागचा हलला नाही. मग वन्संनी विचारलं, "कुठे?"

आता आली का पंचाईत. वन्संना अमुक करा असं या घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण दुखणं माणसाला धीट करतं. धाकटी पुटपुटली, थोडं खाली. वन्सं खाली आल्या. आणखी डावीकडे, मणक्याच्या बाजूला. वन्सं डावीकडे गेल्या. तिथेच, पण घासायचं नाही, नुसतं दाबून धरायचं, मी श्वास सोडेपर्यंत. वन्संनी तस्संच दाबून धरलं. धाकटीने श्वास सोडला आणि आत काहीतरी सैल झालं.

"गाठ आहे," वन्सं म्हणाल्या, "पक्की आहे." त्यांच्या तोंडून ही स्तुतीच होती.

तेव्हापासून वन्सं रोज यायला लागल्या. धाकटी सांगायची, त्या दाबायच्या. हात कानापर्यंत जाऊ लागला. एका दुपारी खांदा दाबायला वन्सं गाद्यांच्या दुकानावरच आल्या, तर नेमक्या दंतवैद्य बाई मान धरून दारात उभ्या. धाकटी त्यांना हात जोडून परत पाठवणार तोच वन्सं टेबलाकडे बोट करून म्हणाल्या, "झोपा." दंतवैद्य बाई विचार करायच्या आधीच झोपल्या होत्या. मग धाकटीने शेजारी उभं राहून जागा सांगितल्या आणि वन्संनी अंगठा चालवला. जीभ एकीची, अंगठा दुसरीचा. बाई उठल्या, त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली आणि पुढच्या खेपेला याच येतील ना असं विचारून गेल्या.

खांदा बरा झाला तरी वन्सं येतच राहिल्या. कोणी या म्हटलं नाही, कोणी नको म्हणायची छाती नव्हती. शेठनी जुनं एक टेबल दिलं, मध्ये पडदा लागला. धाकटी 'वन्सं' म्हणायची म्हणून सगळेच वन्सं म्हणू लागले. गादीवाले शेठ म्हणत, आणि चाळिशीतला बस ड्रायव्हरही म्हणे. एक दिवस तर तो जिन्यातूनच विचारत आला, "आज वन्सं आहेत ना?" धाकटी हसून आहेत म्हणाली, पण आत कुठेतरी टोचलंच. आपणच दिवा लावायचा आणि उजेड पडद्यापलीकडे.

त्यात वन्संना पार्सलच्या खिडकीची सवय. पाठीवर अंगठा ठेवून त्या माणसाची झडती घ्यायच्या. असं वाकून बसता का? का बसता? उशा किती घेता? बहुतेकांना ते आवडायचं, घरी कोणी इतकं विचारत नाही म्हणायचे. पण एक गाणं शिकवणारे मास्तर होते, हळवे गृहस्थ. त्यांना वन्संनी विचारलं की स्वतःचा खांदा सांभाळता येत नाही तर मुलांचा सूर काय सांभाळणार. मास्तर शर्टाची बटणं वरखाली लावून जिना उतरले.

धाकटीने पडदा बाजूला केला. तेलाचे हात पुसले आणि बोलली. "वन्सं, इथे माणूस दुखतंय म्हणून येतो. त्याला ओरडायचं नाही. ओरडणारे त्याला बाहेर भरपूर आहेत."

वन्संनी हात धुतले, पुसले, पर्स घेतली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. रविवारी चहा गार झाला. नवरा म्हणाला, तू ताईला बोललीस? तिला? आणि तो बायकोकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू दहाव्या मजल्यावरून दोर नसलेली लिफ्ट सुखरूप उतरली आहे.

शेवटी धाकटीच गेली. वन्संचं घर म्हणजे एक खोली, सगळं जागच्या जागी, एकच खुर्ची खिडकीशी. वन्सं पलंगावर बसल्या आणि खुर्ची तिला दिली.

"खिडकीवर इतकी वर्षं बसले," मग वन्सं म्हणाल्या. "लोक पावती घ्यायचे आणि जायचे. तुझ्याकडे येणारे उठून बसतात आणि म्हणतात, बरं वाटलं. मला हे कोणी म्हटलं नव्हतं."

पुढे त्या म्हणाल्या की आता आपण नुसतं दाबू, बोलणार नाही. धाकटी म्हणाली, बोला की, फक्त जरा हळू. मास्तरांना मी निरोप पाठवते, ते येतील.

मास्तर आले. वन्संनी त्यांना एक शब्दही विचारला नाही, उलट जाताना जिन्याचा दिवा लावून दिला. मास्तर त्या दिव्याबद्दल कितीतरी दिवस लोकांना सांगत होते.

पण या सगळ्यात एक घोटाळा झाला. पुढच्याच आठवड्यात धाकटीचा खांदा पुन्हा जरा कुरकुरला. ती निवांत पालथी पडली, वन्संनी अंगठा टेकवला, आणि धाकटी फस्सकन हसली. वन्संनी हात उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. भीती गेली होती, आणि भीतीने अडवलेलं हसू धरण फुटल्यासारखं बाहेर पडत होतं. धाकटी कशीबशी म्हणाली, वन्सं, मला ओरडा, म्हणजे थांबेल. वन्संनी घसा साफ केला, कपाळाला आठ्या घातल्या, तोंड उघडलं, आणि त्यांना ओरडताच येईना. पडद्यापलीकडे दंतवैद्य बाई आपली पाळी कधी येते म्हणून पडून होत्या. त्या सांगतात की पहिलं हसणं धाकटीचं होतं हे त्यांनी ओळखलं, पण दुसरं कोणाचं ते बराच वेळ कळेना, कारण तसला आवाज त्यांनी त्या खोलीत कधी ऐकलाच नव्हता.

शिकवणाऱ्या बाईंनीच मग खांद्यावर इलाज सांगितला. रबरी चेंडू भिंतीला लावायचा आणि त्यावर खांदा टेकवून आपलं आपण रगडायचं. चेंडूने गुदगुल्या होत नाहीत. हे आधी का नाही सांगितलंत, असं धाकटीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, तू हसायची थांबलीस कधी, सांगायला?

त्यांच्याच वर्गात मग वन्संनीही नाव घातलं. पांढऱ्या केसांची एकच विद्यार्थिनी, पहिल्या बाकावर. एकटा अंगठा झिजवू नका, कोपर वापरा, हे त्यांनी तिथे शिकून घेतलं. परीक्षेच्या दिवशी त्या इतक्या घाबरल्या होत्या की धाकटीला सोबत जावं लागलं.

आता वर येणाऱ्या नव्या माणसाला आधी विचारतात, बडबड चालेल की शांतता हवी? बडबड खिडकीकडे, शांतता भिंतीकडे. दंतवैद्य बाई दिवस कसा गेला त्यावर बाजू ठरवतात. शेठ मात्र कुठल्याही बाजूला घोरतात. संध्याकाळी दोघी वापरलेल्या चादरींचं गाठोडं मध्ये धरून जिना उतरतात, आणि नवा आणलेला मोठा पंखा कोणाच्या बाजूला लावायचा यावर घरापर्यंत वाद घालतात. वन्संचं म्हणणं, शांततेत पंख्याचा आवाज नको. धाकटीचं म्हणणं, मग बडबडीत तो ऐकू तरी कोणाला येणार, द्या माझ्याकडे. अजून काही ठरलेलं नाही. पंखा शेठच्या दुकानात खोक्यातच पडून आहे.