ड्रमचा ताप

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही; त्यांचा उलटा हात मात्र आठवतो.

सावंगीत घरामागच्या अंगणात मी जुन्या निळ्या ड्रमला भोकं पाडून ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं होतं. शेजारच्या भाड्याच्या खोलीत या बाई राहायच्या, रोहण्याकडच्या. नवरा दवाखान्यात भरती होता. ताप हटत नव्हता.

"हे काय करून राह्यले भाऊ?" त्यांनी विचारलं.

"खत. आतून तापलं की जमलं समजायचं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दवाखान्यातून आल्या, की डब्यात तसाच परत आलेला, आंबलेला वरणभात त्या ड्रममध्ये टाकायच्या. मी वर कोरडा पाला पसरायचो. मग पोराचं कपाळ पाहावं तसा त्या उलटा हात आत ठेवायच्या. "थंडाच हाये." एकदा म्हणाल्या, "देवाचं कसं हाये पाहा. याले ताप पायजे तर देत नाई, अन् त्यायचा नेत नाई."

एका संध्याकाळी त्यांनी हात ठेवला आणि चटकन उचलला. "चढला भाऊ!"

"आणि त्यांचा?" मी भीतभीत विचारलं.

त्यांनी डबा उघडून ड्रमवर पालथा धरला. एक शीतही पडलं नाही.

"आज तुमच्या ड्रमले उपास हाये," त्या म्हणाल्या.