उलटा जिना आणि आबाजींचा सल्ला

माझ्या आजोबांनी भिलाईत एक आख्खा लोखंडी जिना उलटा बनवायला लावला होता.

आज सकाळी आबाजी गेले. तेव्हापासून फोन वाजतोय, जो तो म्हणतोय, किती कष्ट केले हो त्यांनी. केले, खरंच केले. पण मला सारखा तो जिनाच आठवतोय आणि मधूनच हसू येतंय.

माझी हैदराबादची पहिली नोकरी होती तेव्हाची गोष्ट.

रिलीजच्या दिवशी माझ्या कोडमुळे सगळ्यांचं लॉगिन बंद पडलं. कोड माझा होता, मान्य. पण रिव्ह्यू आमच्या लीडने केला होता. केला म्हणजे काय, उघडूनही न बघता अप्रूव्ह दाबलं होतं. मीटिंगमध्ये नाव मात्र माझं एकटीचं, सगळ्यांसमोर.

तेव्हा कसं वाटतं, हे डेव्हलपर मंडळींना वेगळं सांगायला नको.

जुना कोड परत चढवून कसंबसं काम सुरू केलं, आणि मी सुट्टी टाकून थेट भिलाईला आले. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता. सोमवारी पाठवायचा आणि लॅपटॉप त्यांच्या तोंडावर फेकायचा, एवढंच ठरलेलं.

आबाजी गॅलरीत खाटेवर बसून वाटाणे सोलत होते.

"कावून तोंड पाडून बसली वं?"

मी सगळं ओकले. कोड, रिव्ह्यू म्हणजे काय, ते सही करण्यासारखंच कसं असतं, सगळं.

सही म्हटल्यावर आबाजींचे डोळे चमकले.

"म्हणजे आमच्या मोठ्या बाबूसारखा आहे तुझा लीड!"

रशियाच्या मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा आबाजी भंडाऱ्याकडून मॅट्रिक होऊन आले आणि एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर झाले. रशियातून नकाशे यायचे. त्यांच्यावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. मापं नंतर दुसरा कोणीतरी भरायचा. शेवटी हेड ड्राफ्ट्समन, म्हणजे हे मोठे बाबू, तपासून सही करायचे.

एकदा एका जिन्याचा नकाशा आला. तोही पारदर्शक. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. त्यावर नुसत्या रेषा आणि एकच रशियन अक्षर.

"मी पाह्यलं, इंग्लिशमधला आर उलटा छापलाय. म्हटलं, कागदच उलटा ठेवला कोणीतरी. म्हणून पलटवला. आर सीधा झाला. मंग मजेत ट्रेस केलं!"

रशियनमध्ये ते अक्षर मुळातच तसं असतं, उलट्या आरसारखं. आबाजींना काय माहीत! आणि मोठ्या बाबूंनी शीट न बघता सही ठोकली.

जिना तयार झाला, साइटवर चढवला. वर पोचलं की उजवीकडे वळून प्लॅटफॉर्मवर जायचं. पण वाट निघाली डावीकडे, आणि डावीकडे कोरी भिंत.

"मिस्त्री वरतून ओरडला, अरे, हा जिना भिंतीले भेटाले जाऊन राहिला का?"

ऑफिसात मोठ्या बाबूंनी सगळ्यांदेखत आबाजींना झाडलं. स्वतःच्या सहीबद्दल चकार शब्द नाही. आबाजींनी रागात कॅम्प-1 या कामगार वस्तीतल्या खोलीवरून पेटी उचलली आणि दुर्ग स्टेशन गाठलं. गोंदियाच्या पॅसेंजरचं तिकीटही काढलं.

"मंग? गेले नाही?" मी विचारलं.

"गाडी आली न् बाई. एक पाय डब्यात होता. तेवढ्यात आठवलं, दुसरा जिना बी माह्याच शीटवरून बनून राहिला. चूक कुठं झाली, हे फक्त मले माहीत. मी गेलो तं तो मिस्त्री आणखी एक जिना भिंतीले भेटवन."

पेटी घेऊन ते तसेच परत फिरले. नवीन शीट काढलं, स्वतः साइटवर नेलं. तिथल्या रशियन इंजिनियरने जुनं कापड हातात घेतलं, पलटवलं, आणि पोट धरून हसला. आबाजींना त्याने एक सिगरेट दिली. आबाजी पीत नव्हते, तरी ओढली आणि खोकून खोकून बेजार झाले.

मोठ्या बाबूंनी माफी वगैरे काही मागितली नाही. पण त्यानंतर सहीआधी शीट उलटसुलट करून बघायला लागले.

मी विचारलं, "म्हणजे मी सोडू नको म्हणता?"

"कोण म्हणते? सोडाची असन तं खुशाल सोड. मी बी पुढं सोडलीच नं ती नोकरी. फक्त रागात नको सोडू. मागं जे उलटं राह्यलं, ते सीधं कर, मंग जा. नाही तं तोच राग घेऊन दुसऱ्या ऑफिसात जाशीन, अन् तिथल्या लोकायले कायले तरास?"

मी ड्राफ्ट काढून टाकला. सोमवारी गेले, कोड नीट केला, आणि लीडला एकटं गाठून सांगितलं, आता पुन्हा रिव्ह्यू कराल तर माझ्या शेजारी बसून करा. तो ओशाळला. बसला मात्र.

पुढे दोनेक वर्षांनी मी ती नोकरी सोडली. संध्याकाळी भिलाईला फोन लावला.

"कोणावर राग आहे का?" आबाजींचा पहिला प्रश्न.

मी खरंच विचार केला. लीडसुद्धा आठवून बघितला.

"नाही, आबाजी."

"मंग बरोबर टाइमाले सोडली."

आज भिलाईच्या घरी पोचल्यावर आईला विचारलं, शेवटी काही म्हणाले का गं?

आई म्हणाली, "सकाळचा चहा घेतला, चांगला झाला म्हणे, आणि आडवे झाले. ते उठलेच नाहीत."

कोणाबद्दल तक्रार नाही. काही करायचं राहिलं नाही.

बरोबर टाइमाले सोडली, आबाजी.

सुखानं जा. तुमच्या नातीचा मनापासून नमस्कार.