सिनेमातलं खरकटं

ओदिलबाईंचं नाव आधी घेते, मंग बाकीचं सांगते. त्या नसत्या तर पॅरिसमधलं माझं सिनेमाचं काम तिसऱ्याच दिवशी सुटलं असतं.

तीर्थपुरी सोडली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली, शाळा सातवीतच सुटलेली. हे आधीच इकडं एका हॉटेलच्या भटारखान्यात लागलेले. जालन्याच्या स्टेशनावर आई खिडकीचा गज धरून सूचना देत होती. कुणी दिलेलं खाऊ नको, पिशवी मांडीवर ठेव, आणि शेवटी, "कुठंबी राहा, खरकटं ठेवून घराबाहेर पडायचं न्हाई. लक्ष्मी रुसती." लेक परदेशी निघाली अन् ही भांड्यांचंच सांगून राह्यली, याचा मला राग आल्ता.

वर्षभरानं यांच्या हॉटेलात सिनेमावाले जेवायला आले आणि त्यांनी एका भारतीय सुनेची भूमिका मला दिली. का दिली ते मला अजून उमगलेलं न्हाई. माझ्या स्वतःच्या नावावर मिळालेलं ते पहिलं काम. आईनं तर निम्म्या गावाला सांगूनही टाकलं होतं.

तिथला गोंधळ बघत राहावा असा. स्वयंपाकघराला तीनच भिंती, खिडकीतलं ऊन म्हणजे दिवा, नळाला पाणी न्हाई. दिग्दर्शक सकाळी नवे कागद वाटायचे आणि दुपारी तेच फाडायचे. दोघं कडाकडा भांडायचे, लगेच गालाला गाल लावायचे. बोलणं निम्मं समजायचं, पण पापणी लवू द्यावीशी वाटायची न्हाई. भीतीही तेवढीच, कारण दोन दिवसांत दिग्दर्शकांनी दोघांना कामावरून काढून घरी पाठवलं होतं. कपडेपट सांभाळणाऱ्या ओदिलबाई साठीच्या. मी त्यांना निऱ्या शिकवल्या, त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर कुठं थांबायचं ते.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा प्रसंग अर्धा झाला आणि उष्टी ताटं टेबलावर टाकून सगळे निघाले. एवढी माणसं, अन् एकाला त्याचं काही न्हाई. मी ताटं मेकअपच्या खोलीतल्या बेसिनवर नेली, घासली, टेबल पुसलं, ताटं पालथी घातली. मंग कुठं जिवाला बरं वाटलं.

सकाळी दिग्दर्शकांचा आवाज रस्त्यापर्यंत. राहिलेला प्रसंग त्याच ताटांवर घ्यायचा होता, तोच तोडलेला तुकडा, तेच वरणाचे डाग. कुणी धुतली, म्हणून ते एकेकाला विचारत सुटले. मी ओदिलबाईंच्या मागं सरकले.

ओदिलबाईंनी हातातली इस्त्री ठेवली.

"मी धुतली. मला घाण बघवत नाही."

सगळ्यांसमोर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मंग साडी रोज तशीच नेसवता यावी म्हणून आदल्या दिवशी काढलेले माझे फोटो आणले. त्यात मागं टेबलही आलं होतं. फोटो बघत बघत आम्ही दोघींनी वरणाचा ओघळसुद्धा बराबर जागेवर बसवला.

नंतर मी विचारलं, असं का केलं. म्हणाल्या, "तुला हाकललं असतं. मला हाकललं तर तुझ्या निऱ्या त्या दिग्दर्शकालाच मोजाव्या लागतील."

घर कुठलं म्हणून तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता. पहिल्यांदा तीर्थपुरीच तोंडात येतं. पण इथं चुकले तेव्हा कुणी तरी मला आपली मानून पुढं झालं, तेव्हापासून हे गावही मला परकं म्हणवत न्हाई. फक्त एक गोष्ट टोचते. त्या बोलणी खात होत्या आणि मी गप्प उभी होते. ओदिलबाई आता थकल्यात, पण दिग्दर्शकांचं येणं-जाणं आहे त्यांच्याकडं. एक दिवस दोघांना समोरासमोर बसवणार आहे आणि सांगणार आहे, ती ताटं मी धुतली होती.