न फुटलेले रांजण

"फुटलाच नाही तं नवा रांजन कायले मांगू म्या, बाबूजी?"

"मांगाच लागते, गुणवंताबाई! फुटो का न फुटो."

"मंग काय चांगल्या रांजनाले गोटा हानू?"

"हानला असता तं आज अशी उभी नसती."

सौसरच्या त्या सरकारी कचेरीत गुणवंताबाई नवरा मेल्यापासून पाणी भरत होती. रांजण, दोर, बादल्या अन् तिची मजुरी, सगळं बजेटातल्या एकाच मदातून, म्हणजे खर्चाच्या एकाच बाबीतून निघायचं. मद होतं 'पाणी'. दरसाल ते चिमूटभर वाढायचं. वरच्या साहेबलोकांची रीत सोपी: आधी जेवढं खर्चलं, त्याच्यावर थोडं अजून. म्हणून खर्च कमी दिसू नये यासाठी मार्च लागला की कचेऱ्याकचेऱ्यांत फोडाफोड. पांढुर्ण्याची पाणीवाली प्रेमलता तं होळी झाली की धडधाकट रांजणांना लाथ घाले, अन् तिथला बाबू वरून हसे.

गुणवंताबाईला ते पाप वाटे. तडा गेला की ती चुना-गूळ कालवून बुजवी. दोर तुटला की गाठ मारी. मागल्या मार्चात कचेरीतला कारकून सुरेशबाबू रजेवर असताना साहेबानं तिलाच विचारलं, काय काय लागते? ती म्हणाली, "काईच नाही लागत, साहेब. सारं हाये." साहेब खूश. पैसे परत गेले. वर कोणीतरी कागद पाहिला अन् समजला, सौसरले पाण्याचा खर्चच नाही. येत्या सालच्या बजेटात त्या मदापुढं शून्य आलं.

"मंग मी?" तिनं विचारलं.

"तूही त्याच मदातली ना, बाई. दोर, बादली अन् तू. उद्यापासून येऊ नको."

"साहेबानं मले शाबासकी देल्ली होती."

"ते घरी घेऊन जाय. प्रेमलताकडं यंदा मदतीले अजून एक बाई ठेवून राह्यले."

ती बुजवलेल्या रांजणाकडं पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता फोडू का, बाबूजी?"

सुरेशबाबू खो खो हसला. "आता? आज एकतीस मार्च! आता फोडशीन तं तुह्या मजुरीतून कापीन. अन् जाताजाता भरून ठेव, लोकं उन्हाचे येऊन राह्यले."

विहिरीवर दोराची गाठ ढिली झाली होती. तिनं ती दातानं ओढून पक्की केली अन् बादली खाली सोडली.