नाताळचं रिकामं ताट

आमच्या घरी नाताळ आला तो दुष्काळामुळे. बाप मिशनच्या आवारात फुकटचं जेवायला गेला, तिथंच रमला, बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला आणि मायलाही घेऊन गेला. तिला कुणी विचारलं नाही. मी त्यानंतरची. सुरुवातीचा नाताळ म्हणजे वाशीमच्या मिशनमध्ये पंगत, ढोलकीवर भजनं आणि मडमेच्या हातून मिळणारं परकराचं कापड. बाप फेटा बांधून असा मिरवायचा, की येशू जणू त्याच्याच गोठ्यात जन्मला.

माय मात्र करंज्या करायची. त्यातल्या पंधरा पितळेच्या ताटात मांडायची, वर फडकं टाकायची आणि ताट माझ्या डोक्यावर द्यायची. वाशीमजवळच्याच मालेगावच्या वाटेवर तिच्या माहेरचा भाजीचा मळा होता. बाटल्यापासून तिला तिथं जायची बंदी होती, ताटाला नव्हती. आपल्याकडे आलेलं ताट कुणी रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर तरी टाकतात. आमचं ताट दरवर्षी राखेनं घासून, लख्ख आणि रिकामं यायचं. माय फडकं उचलायची, बघायची आणि म्हणायची, "इसरली असंन बुढी." मला भारी चीड यायची. आजीची नाही, मायची.

मी नऊ वर्षांची असेन. परतताना मळ्याच्या कडेची दोन वांगी तोडली आणि ताटात ठेवली. मायनं ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "हे तं आमच्याच मळ्यातले! माह्या मायनं धाडले!" म्हणाली आणि ढसाढसा रडली. त्या दिवशी ती मिशनच्या पंगतीला गेलीच नाही. दोघींनी वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली. इतका गोड नाताळ मी पुन्हा पाहिला नाही. पुढची दोन वर्षंही मी वांगी चोरली.

चौथ्या वर्षी मायनं नवं लुगडं नेसलं आणि ताट स्वतःच उचललं. "आता बुढीचा राग गेला, चाल," म्हणाली. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मार चुकवायचा म्हणून गप्प राहिले.

आजी विहिरीपाशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. माय दहा हातांवर थांबली. "माय, तीन साल तुनं वांगे धाडले. आज मीच आली. एक करंजी खाय माह्या हातची."

"मी कायले धाडू?" आजी म्हणाली. "तुह्यं ताट तं आमी म्हशीपुढे रिकामं करतो. तिले आवडते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे पोट्टी तोडत असंन. बाटली ते बाटली, वरून चोट्टी निंगाली." आणि तिनं पुढची जुडी घेतली.

मायनं मला मारलं नाही. घरी येऊन ताट माझ्यापुढे ठेवलं. "खाय." आठवी करंजी घशाखाली उतरेना. "म्हशीले आवडते, तुले काहून नाही?" शेवटची संपेपर्यंत ती समोरून हलली नाही. बाप भजनाला गेला होता.

करंज्या त्या वर्षापासून बंद झाल्या. पुढे माझ्या संसारात नाताळ बदलला. दाराला कागदी चांदणी आली, अकोल्याहून बेकरीचा केक येऊ लागला. माय थकून माझ्याकडेच राहायला आली होती. एका नाताळला मी त्याच पितळी ताटात केक घेऊन शेजारी गेले. शेजारीण हिंदू, पण जिवाभावाची. तिनं माझ्यासमोर तुकडा तोंडात टाकला आणि ताटात ओंजळभर साखर घातली.

मी धावतच घरी आले आणि ताट मायपुढे धरलं. तिनं साखर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"अजून तुही सवय गेली नाही?"

"शपथ घेते माय, तिनंच टाकली."

मी खरं बोलत होते. मायनं ताट ओढून घेतलं, साखर दारातल्या बकरीपुढे ओतली आणि चुलीतली राख घेऊन ताट घासायला बसली.