हळूमधला ळ

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळा बाजार ‘हळूमामा’ म्हणतो, यात चेष्टा किती आणि प्रेम किती हे विचारायची सोय नाही. काचेच्या टेबलावर कुणी घड्याळ ठेवायला लागलं की हा गृहस्थ आधी ओरडणार, “हळू!” त्याचंच नाव पडलं. कामाचा वेगही नावाला शोभेल असाच. “घड्याळाचं दुकान आणि नाव हळू? सगळी घड्याळं मागेच पडणार!” असं म्हणणारेही दुरुस्तीला इथेच येत.

बावीस वर्षं दुकानाला पाटी नव्हती. गेल्या साली जावयाने हौसेने दिवे लागणारी पाटी आणली, तीही इंग्रजीत. मामांना ती वाचायला बरी वाटे. आणि मग वकिलाची नोटीस आली. ‘हॅलू’ नावाची बडी घड्याळ कंपनी म्हणत होती, तुमच्या नावाने आमची गिऱ्हाइकं फसतात, नाव काढा.

मामींनी डोक्याला हात लावला. “अहो, नाव काढलं तर तुम्हाला हाक काय मारायची?”

मामा हसले नाहीत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता रेशनकार्डापुरतं उरलं होतं. हे नाव लोकांनी दिलेलं, कष्टाने मिळालेलं. ते गेलं तर माणूस अर्धा जाईल, असं त्यांना खरंच वाटलं.

भाची वकील. ती संध्याकाळी आली, पाटीखाली उभी राहून वाचू लागली. “मामा, तुझं HALU, त्यांचं HALLU. फक्त एका एलचा फरक आहे. धंदाही तोच.”

“पण मी बावीस वर्षांपासून हळू आहे! त्यांची कंपनी तर कालपरवाची!”

“तेही मांडू. जुना वापर आपल्या बाजूचा आहे. पण साधं गिऱ्हाईक फसू शकतं का, हेही बघतात. खरं सांग, कुणी फसलंय?”

मामा भिंग पुसत बसले. उगाचच. मग म्हणाले, “एक बाई आल्या होत्या. शाळेत शिकवतात. नवंकोरं हॅलू घेऊन. हे कंपनीचंच दुकान समजल्या. मला वाटलं, नेहमीचंच काम. मी उघडलं. नंतर कंपनीने हात वर केले, बाहेरच्याने उघडलं म्हणून वॉरंटी गेली. मी फुकट करून दिलं गं, पण…”

“कुणाला बोलला नाहीस?”

“लाज वाटली.”

मामी आतून चहा घेऊन आल्या आणि कप मामांच्याच पुढ्यात ठेवला. लाजेला बाहेर काढून टाकल्यावर मामांना एकदम मोकळं वाटलं. मग त्यांनीच टेबलावर बोट आपटून विचारलं, “इंग्रजीत ळ आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर! चूक त्या पाटीची आहे, माझ्या नावाची नाही. ळ लिहिला की कोण म्हणेल हॅलू?”

भाची खो खो हसली, पण नोटिशीच्या उत्तरात तिने हेच नीट मांडलं. पाटी काढतो, नाव मराठीत लिहितो, खाली ‘कोणत्याही कंपनीची शाखा नाही’ असं ठळक घालतो. तीन आठवड्यांनी कंपनीने कळवलं, हरकत नाही. जावई जरा खट्टू झाला, पण दिवे मात्र त्याने नव्या पाटीलाही लावून दिले.

पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस बाहेर उभा राहून ती दोनदा वाचत होता. मामा भिंग खाली ठेवून दारात आले.

“कंपनीचं नाही ना हे?” त्याने विचारलं.

“नाही हो. माझंच आहे.”

“बरं झालं बाबा,” म्हणत त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. “कंपनीवाले म्हणाले, फेकून द्या.”