हापशावर तुटलेला दात

माझा वरचा पुढचा दात चव्वेचाळीस वर्षं अर्धा होता, तिरका तुटलेला. मला त्याची इतकी सवय झाली होती की आरशात तो वेगळा दिसायचाच नाही. तो खुपायचा माझ्या मोठ्या भावाला. गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मला न विचारताच त्याने पालीतल्या दातांच्या दवाखान्यात माझं नाव लावलं आणि फोन केला. "शनवारी ये. त्या दाताचं काय ते करून टाकू. लग्नात परत तीच कथा नको."

ती कथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दादाने हापशाचा दांडा सोडला आणि तो धाकट्याच्या तोंडावर बसला. एखादा पाहुणा माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघू लागला की घरातलं कोणीतरी ती सांगायला घेतं, आणि दादा मान खाली घालून पाण्याचा तांब्या आणायला उठतो. कथेत खोट एवढीच की ती खरी नाही.

मी सात वर्षांचा होतो, दादा दहाचा. दादा हापसत होता. कळशी भरली म्हणून त्याने दांडा सोडला आणि पलीकडे जाऊन कळशी उचलायला वाकला. मलाही दांडा दाबता येतो हे मला दाखवायचं होतं. मी दांड्याला लोंबकळलो, पोटाचा भार देऊन तो खाली आणला, पाय घसरला, आणि दांडा उसळून माझ्या तोंडात बसला. दादाची पाठ माझ्याकडे होती. त्याने काहीच पाहिलं नाही.

बाबा खळ्यातून धावत आले. माझं तोंड बघून म्हणाले, "कोनी केला?" बाबांच्या प्रश्नाला नाव लागायचं. कोणी नाही, हे उत्तर त्यांच्याकडे चालत नसे. तोंडात रक्त होतं, बोलता येत नव्हतं. मी बोट दाखवलं.

दादाला मार बसला. मार तेव्हा कोणाला चुकला होता म्हणा. पण बाबांनी त्या दिवशी एक वाक्य धरलं ते मरेपर्यंत सोडलं नाही. "ह्याच्या हातात काय देऊ नका." सायकल आली ती मला, तीन वर्षांनी लहान असून. पुढे सगळी भातशेती दादाच बघू लागला, तरी त्याने बांधलेला भारा बाबा सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. पॉवर टिलर घेतला तेव्हा दादा चाळिशीला आला होता. चावी बाबांच्या करगोट्याला.

मी शिकलो आणि न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात लागलो. आलेल्या कंटेनरभोवती फिरून पोचे, ओरखडे, भोकं लिहून घेणं हे माझं काम. पोचा कुठे आहे ते लिहायचं, कोणी पाडला ते नाही. हे काम मला जमतं. साहेब म्हणतात, तुमचा चेहरा कधी बदलत नाही. ते कौतुक समजायचं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा वाटलं होतं, आता दादाला सांगून टाकू. बाराव्यानंतर सांगू, मग लावणी झाल्यावर सांगू, असं करत राहून गेलं. आणि खरं सांगायचं तर ते मला टोचतही नव्हतं. टोचलं असतं तर कधीच बोललो असतो.

शनिवारी दादा मला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर आमच्या पुतणीच्या वयाची होती. तिने मला खिडकीपाशी उभं केलं आणि रंगांच्या नमुन्यांची पट्टी दातांना लावून बघितली. "तुमचे दात पिवळट आहेत, काका. पांढराशुभ्र लावला तर एकटाच चमकेल." इंजेक्शन लागणार नाही म्हणाली, यात दुखत नाही. मग कागदावर लिहायला तिने विचारलं, "कसा तुटला?"

"हापशाने," मी म्हटलं. "लहानपणी." खोटं काही बोललो नाही.

तिने ओठ फाकवून धरणारं प्लास्टिकचं कडं बसवलं आणि कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या. "आता बोलायचं नाही. थुंकी लागली तर मसाला धरणार नाही." दाताला निळं औषध लावलं, धुतलं, वाऱ्याने सुकवलं. तेवढ्यात शेजारच्या स्टुलावर बसलेला दादा बोलू लागला.

"मीच तोडलाय, मॅडम. धा वर्सांचा हुतो. दांडा सोडला न् कळशी घ्यायला गेलो. ह्यो मागं हाय ते बघितलंच न्हाय."

"होतं असं. तुम्हीपण लहानच होता की."

"व्हय. पन दात ह्याचा गेला ना."

डोळ्यांवर नारिंगी चष्मा होता. मी छताकडे बघत पडलो होतो. ती थोडा मसाला लावायची, आकार द्यायची, निळा दिवा धरायची. दिवा लागला की दादा गप्प, विझला की पुन्हा सुरू. सायकलचं सांगितलं. भाऱ्यांचं सांगितलं. टिलरच्या चावीचंही सांगितलं. तक्रार म्हणून नाही. आमचे बाबा किती शिस्तीचे होते, ते तिला कळावं म्हणून. मला लाज वाटायला हवी होती. ती येईल म्हणून मी वाट बघत होतो. जबडा दुखत होता, तेवढंच कळत होतं.

शेवटी तिने रंगीत कागद चावायला लावला, उंच भाग घासला, दात गुळगुळीत केला आणि आरसा दिला. दात पुरा झाला होता. पेरू, ऊस, खेकड्याची नांगी या दाताने फोडायची नाही, असं ती मला सांगत होती आणि दादा लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने वाकून अगदी जवळून माझं तोंड बघितलं. "कुठं जोडलाय ते कळत न्हाय," म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. तोंड मोकळं होतं. आता सांगायचं, असं मी ठरवलं, शब्दही जुळवले. दादा, तुझी पाठ होती माझ्याकडे, तू काही केलं नाहीस. दादा मोटरसायकलजवळ थांबला. गाडी सुरू करेना.

"एक इचारू? आता बाबा पन न्हाईत. खरं सांग." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी मुद्दाम सोडलेला का रं दांडा?"

तो बोटाने गाडीच्या टाकीवरची धूळ पुसत होता.

"मला आठवतच न्हाय. तू बाबांचा लाडका हुतास. माझ्या मनात तवा काय हुतं, कोन जाने. सगळी म्हनायची, तूच तोडलास, बाबाबी तेच म्हनायचे. मंग मलाबी वाटाया लागलं, मुद्दामच आसंल."

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते मला टोचलं. गाडीच्या सीटला धरून मी उभा राहिलो. जुळवलेले शब्द तोंडात तयार होते.

"नाही रे दादा," मी म्हटलं. "हात सटकला तुझा."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. इतक्या वर्षांत त्याला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मंग बरं," तो म्हणाला. "बाबा आसते तर त्यांना सांगाया लावलं आसतं तुला."

"सांगितलं असतं," मी म्हटलं.